छाती न उघडता हृदयाची दुरुस्ती

मातेच्या उदरात असताना बाळाची फुप्फुसे श्वसनाचे काम करीत नाहीत. त्यामुळे तिकडे निघालेले बहुतांश रक्त एका छोट्या नलिकेतून परस्पर महाधमनीत वळविले जाते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ही नलिका आपोआप मिटते. काही बालकांत मात्र ती उघडीच राहते आणि महाधमनीतील शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसांत शिरू लागते. नलिका मोठी असेल तर बाळ दूध पिताना थकते, घामाघूम होते, त्याचे वजन वाढत नाही. 'अंगच बारीक आहे' अशी समजूत घालून घेणाऱ्या घरांत नेमका इथेच वेळ जातो.

पूर्वी छाती उघडण्यावाचून पर्याय नव्हता. १९६७ मध्ये बर्लिनचे डॉ. व्हेर्नर पोर्स्टमन यांनी कॅथेटरद्वारे ही नलिका बंद करण्याची पद्धत मांडली. आता मांडीतील रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली जाते. निकेल व टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारांनी विणलेले बूच तिच्यात ताणून भरलेले असते. बाहेर पडताच ते मूळ आकार धारण करते. नीट बसले नाही, तर सोडण्यापूर्वी ते मागे घेता येते. अवघ्या ७०० ग्रॅम वजनाच्या अर्भकासाठीही असे बूच वापरण्यास अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

उपचाराला फार उशीर झाला आणि फुप्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढला, तर मात्र ही नलिका बंद करणेच घातक ठरते.