पासवर्ड काय आहे, काकाजी?

नागपुरात, त्रिमूर्तीनगरच्या घरी ब्रॉडबँड आलं. पोरगा दहा मिनिटांत राउटर लावून मोकळा. पासवर्ड ‘12345678’! म्हटलं, हे काय भाऊ? तर म्हणे, “ध्यानात राहते ना!” राहिला. आईच्या, आणि आठवड्याभरात शेजारच्या काकाजींच्याही.

मला 2008 आठवलं. 26 जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना ई-मेल गेला होता. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथलं वाय-फाय उघडं होतं, वापरलं भलत्यानेच. भिंत सिग्नल अडवत नाही, बॉस!

रविवारी ठाण मांडलं. राउटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. युजरनेम ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’! आधी तोच बदलला, नाहीतर आत शिरलेला कुणीही राउटरचा मालक. मग सिक्युरिटी. डब्ल्यूईपी 2001 सालीच फुटलंय, तिकडे बघूही नका. डब्ल्यूपीए2 निवडा, डब्ल्यूपीए3 दिसलं तर आणखी उत्तम. वाय-फायचा पासवर्ड लांबलचक ठेवला, डब्ल्यूपीएस बंद केलं. जाता जाता राउटर कूलरमागून उचलून कपाटावर ठेवला. लोखंडी पत्रा आणि टाकीतलं पाणी, दोन्ही सिग्नल खातात.

संध्याकाळी काकाजी दारात. “काहून रे, नेट बंद पडलं का?”

गेस्ट नेटवर्क देता आलं असतं, पण तेही माझ्याच कनेक्शनवर, माझ्याच नावावर. पंचाईत!

“या ना काकाजी, चहा घ्या. इथंच बसून पाहा, मी लावून देतो.”