समुपदेशक कधी बदलावा?

मनाच्या उपचारासाठी समुपदेशकाकडे गेलेली अनेक माणसे दोन-तीन भेटींनंतर जाणे थांबवतात. ‘काही उपयोग झाला नाही’ एवढेच घरी सांगितले जाते आणि विषय तेथेच संपतो. ताप उतरला नाही तर दुसरा डॉक्टर गाठणारे कुटुंबही मनाच्या बाबतीत उपचारच सोडून देते. वास्तविक उपचार चालू ठेवून उपचार करणारी व्यक्ती बदलता येते. त्यासाठी योग्य व्यक्ती कशी निवडावी आणि तिचा निरोप केव्हा घ्यावा, हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. औषध देणे व बदलणे हे त्याचे काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, ठरावीक पद्धतीच्या संवादातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र निरनिराळ्या पात्रतेची माणसे लावतात. म्हणून शिक्षण, अनुभव, उपचाराची पद्धत आणि शुल्क यांविषयी पहिल्याच भेटीत विचारावे. भास होत असतील, झोप व भूक पार उडाली असेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी संस्थेत ही सेवा मिळते.

गोव्यासारख्या लहान राज्यात समुपदेशक नात्यातला, शेजारचा किंवा आपल्याच देवस्थानच्या महाजनांपैकी निघण्याचा संभव असतो. अशा ओळखीच्या माणसासमोर मन मोकळे होणे कठीण. दुसऱ्या तालुक्यातील व्यक्ती निवडावी किंवा फोनवरून सल्ला घ्यावा. ज्या भाषेत रडू येते, त्या भाषेत बोलता येणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

उपयोग होतो आहे की नाही, हे किती दिवसांत कळते? याचे एक उत्तर गोव्यातच मिळाले आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने येथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यग्रस्तांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ४९५ जण सहभागी होते. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या, परंतु या कामासाठी प्रशिक्षित केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. हा उपचार न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. सहा-आठ भेटी हा आढावा घेण्यास पुरेसा काळ आहे. शिवाय चांगल्या उपचारानेही एकतृतीयांशाहून अधिक रुग्णांना तेवढ्या काळात पुरता आराम पडला नाही. तेव्हा गुण न आल्यास रुग्णाने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

आढाव्यासाठी साधे प्रश्न पुरतात. झोप सुधारली का? कामावर लक्ष लागते का? घरच्यांशी बोलणे वाढले का? समुपदेशकाने उपचाराचे उद्दिष्ट सांगितले आहे का? उत्तरे नकारार्थी असतील, तर प्रथम त्याच्याशीच स्पष्ट बोलावे. चांगला समुपदेशक पद्धत बदलतो किंवा स्वतःहून दुसऱ्याचे नाव सुचवतो. दुःखद आठवणी निघाल्यावर एखाद्या भेटीनंतर मन अधिक जड होते. तेवढ्यावरून मात्र निर्णय घेऊ नये.

काही प्रसंगी वाट पाहणे धोक्याचे असते. सांगितलेली गोष्ट समुपदेशकाने बाहेर फोडणे, जात, धर्म वा लैंगिकतेवरून हिणवणे, शारीरिक जवळीक साधणे, उसने पैसे मागणे, हमखास बरे करण्याची हमी देणे किंवा डॉक्टर नसताना औषध बंद करायला लावणे, यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ बाहेर पडावे.

इतर वेळी शक्य तर एक निरोपाची भेट घ्यावी. आतापर्यंत काय साधले, याची टिपणे मागून घ्यावीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा आणि आपल्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क आहे. नोंदी हाती असल्या म्हणजे नव्या व्यक्तीपुढे सारी कहाणी मुळापासून सांगावी लागत नाही. चालू औषध मनाने बंद करू नये. नवी भेट ठरवूनच जुनी थांबवावी. मधल्या काळात मन ढासळले, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे.