जुन्या ट्रॅक्टरचा क्लच कसा पारखावा?

नाशिकरोडजवळच्या एकलहरे गावातील औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. तेथील २१० मेगावॉटचे संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. वाफेचे टर्बाइन आणि जनित्र हे एकमेकांना कायमचे जोडलेले असतात. मिनिटाला ३००० फेरे दोघेही बरोबरच घेतात. मध्ये क्लच नसतो, कारण वाफेच्या दाबाने टर्बाइन थांबलेल्या स्थितीपासून हळूहळू वेग घेऊ शकते. आसपासच्या शेतांत चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला हे जमत नाही. ते आधी फिरते व्हायला हवे आणि मगच त्याच्यावर ओझे हलकेच टाकायला हवे. हे काम क्लचचे.

समजा, तुमच्या घरी जुना ट्रॅक्टर घेण्याचे चालले आहे. रंग नवा आहे, टायर बरे आहेत, इंजिन लगेच सुरू होते. क्लच मात्र इंजिन व गिअरपेटी यांच्यामध्ये बंद असतो. तो बदलायचा तर बहुतेक ट्रॅक्टर मधोमध अलग करावे लागतात. पैसा आणि हंगामातले दिवस, दोन्ही जातात. मग न उघडता आतले कसे ओळखायचे?

त्यासाठी आधी घर्षणाचा हिशेब पाहू. इंजिनाला जोडलेले जड चाक आणि स्प्रिंगांनी दाबली जाणारी प्रेशर प्लेट यांच्यात क्लचची चकती चिमटीत धरलेली असते. ३५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर त्याचा पीळ सुमारे १२५ न्यूटन-मीटर येतो. (वहीत करून पाहा, १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट.) चकतीची सरासरी त्रिज्या ११ सेंटिमीटर, घर्षणांक ०.३ आणि घासणारे पृष्ठभाग दोन धरले, तर स्प्रिंगांनी किमान १९०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १९० किलो वजनाइतका दाब द्यायला हवा. प्रत्यक्षात तो जास्तच ठेवतात. आता चकतीवर तेल झिरपले आणि घर्षणांक ०.१ वर आला, तर दाब तोच असूनही एक-तृतीयांश पीळच पुढे जाईल. उरलेली शक्ती कुठे जाते? घसरण्यात, आणि तिची उष्णता होते. जळका वास येतो तो याचाच.

पहिली तपासणी हाताने करता येते. इंजिन बंद ठेवून क्लचचे पेडल हाताने दाबा. सुरुवातीचे दोन-अडीच सेंटिमीटर ते सैल जायला हवे. चकती झिजली की प्रेशर प्लेट पुढे सरकते, तिच्या तरफांची आतली टोके मागे येतात आणि ही मोकळी चाल कमी होते. चाल मुळीच नसेल, तर चालकाने पेडलवर सतत पाय ठेवावा तसा परिणाम होतो: स्प्रिंगांचा थोडा दाब वाया जातो आणि क्लच घसरतो. चाल ठीक असली तरी जोडदांड्यावर नजर टाका. आटे शेवटपर्यंत फिरवून झाले असतील, तर चकती बरीच झिजलेली असण्याचा संभव आहे.

दुसरी परीक्षा अनुभवी चालकानेच, सपाट मोकळ्या जागी, पुढे-मागे कोणी नसताना करावी. दोन्ही ब्रेक घट्ट दाबून ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाकावा, इंजिनाला थोडा वेग देऊन क्लच सोडावा. चाके अडलेली, म्हणून इंजिन गुदमरून बंद पडायला हवे. ते आरामात फिरत राहिले, तर क्लच घसरतो आहे. लगेच पेडल दाबावे. अशा घसरण्याने चांगली चकतीही जळते. मालक या परीक्षेला नाखूश दिसला, तर भरलेली ट्रॉली चढावर न्यायला सांगा. इंजिनाचा आवाज चढतो पण ट्रॅक्टरचा वेग वाढत नाही, हीच खूण.

उलटा दोषही असतो. पेडल पूर्ण दाबून मनात पाच मोजावेत आणि मग रिव्हर्स गिअर टाकावा. दातांची खरखर झाली, तर चकती पुरती सुटत नाही. मोकळी चाल फार जास्त असेल, तर हे थोड्या जुळणीने सुधारते. पण चकती वाकली असेल किंवा पावसाळाभर उभ्या ट्रॅक्टरमध्ये गंजून चिकटली असेल, तर उघडण्यावाचून गत्यंतर नाही. पेडलवर जरा पाय टेकताच किरकिर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग गेले समजावे.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराने आणखी एक गोष्ट पाहावी. काही ट्रॅक्टरांत दुहेरी क्लच असतो. पेडल अर्धे दाबले की चाके थांबतात, पण फवारणीचा ब्लोअर चालवणारा मागचा पी.टी.ओ. दांडा फिरत राहतो. पूर्ण दाबल्यावर तोही थांबतो. यात चकत्या दोन, आणि ब्रेक दाबून केलेली परीक्षा फक्त चाकांच्या चकतीची होते. दुसरीसाठी ब्लोअर जोडून, टाकी भरून तो काही वेळ चालवावा. इंजिनाचा वेग कायम असताना पंख्याचा आवाज मंदावत गेला, तर ही चकतीही घसरते आहे.