'नळ' शब्दाचा अर्थविस्तार

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात 'नळ आला' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. वास्तविक नळ न्हाणीघराच्या भिंतीत पक्का बसविलेला असतो; तो येत नाही, जातही नाही. येते ते पाणी, आणि तेही ठराविक वेळीच. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र पाणी नव्हे, तोटीही नव्हे.

वैदिक भाषेत 'नड' म्हणजे पाणथळीत वाढणारे पोकळ बोरू. पुढे संस्कृतात याच शब्दाचे 'नल' असे रूप रूढ झाले. प्राकृतातून येताना दोन स्वरांमधील एकेरी लकाराचा मराठीत ळकार होतो; त्या नियमाने 'नळ' सिद्ध झाला. पोकळपणा हा त्याचा गाभा. म्हणूनच नळी, नळकांडे, नळीची कौले आणि मटणातील नळीचे हाड ही सारी एकाच कुळातील होत. 'नाल' हे त्याच कुळातील रूप. त्यास 'प्र' उपसर्ग लागून 'प्रणाल' झाला आणि त्यापासून छपराची 'पन्हळ' आली.

नळराजाची आठवण येथे अनेकांना होते. महाभारतातील नलोपाख्यानात बाहुकाच्या नुसत्या दृष्टीने रिकामे कुंभ पाण्याने भरतात, ही कथा मोहक खरी. परंतु न्हाणीघरातील नळाची व्युत्पत्ती तीवरून काढणे म्हणजे शब्दसाम्याला भुलणे होय.

इंग्रजीतील 'टॅप' हा शब्द मुळात पिंपाच्या बुचाचा वाचक आहे. तेथे नाव पडले ते पाणी अडविणाऱ्या वस्तूवरून, मराठीत ते पडले पाणी वाहून नेणाऱ्या वस्तूवरून. अडविणाऱ्या भागास मराठी 'तोटी' म्हणते. कोल्हापूरकडे 'चावी' म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे. तरीही बोलण्यात नळाने तोटीची जागा घेतलीच. 'नळ फुटला' म्हणजे नळी फुटली, 'नळ गळतो' म्हणजे तोटी गळते; श्रोत्याचा घोटाळा होत नाही, कारण क्रियापदच अर्थ निश्चित करते.

'नळ आला' येथे आणखी एक पायरी ओलांडली जाते : साधनाचे नाव साध्याला मिळते. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणा होय. बारवी धरण व उल्हास नदी यांच्या पाण्यावर वाढलेल्या या नगरांत पुरवठा अखंड नसतो, हेच त्या लक्षणेचे कारण. जेथे पाणी आठही प्रहर असते, तेथे असे वाक्य सुचण्याचे प्रयोजनच उरत नाही. 'नळाच्या आधी परत ये' या बोलण्यात तर नळ म्हणजे चक्क घटका. कोशांनी हा अर्थ स्वतंत्रपणे नोंदवावयास हवा. तो केवळ अशिष्ट बोली म्हणून टाकण्याजोगा नाही.

१९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्या भाषेतील 'नलको' हा शब्दही याच कुळातला. सिंधीत ळकार नाही, म्हणून तेथे लकार टिकला, एवढाच भेद.