आधी मालवण, मग इंडोनेशिया

स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर दाबाखालील हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घेत पोहणे, यासाठी इंडोनेशियाला जाण्याचा बेत आखणाऱ्या गोवंडीकराने विमानाच्या तिकिटाआधी कोकण रेल्वेचे तिकीट पाहावे. हार्बर मार्गावर पुढच्या दुसऱ्याच स्थानकाला, टिळकनगरला, लागून लोकमान्य टिळक टर्मिनस आहे आणि तेथून कुडाळ गाठले की मालवण-तारकर्ली फार दूर राहत नाही.

दोन्हीकडचे हंगामही या क्रमाला अनुकूल आहेत. पावसाळ्यात कोकणचा समुद्र खवळतो व डायव्हिंग बंद असते, तर इंडोनेशियातील कोमोडो बेटांभोवती साधारण एप्रिल ते नोव्हेंबर हा कोरडा काळ असतो. तिथल्याच राजा अंपातचा हंगाम मात्र उलट, ऑक्टोबर ते एप्रिल. हिवाळ्यात मालवणात शिकलेल्या व्यक्तीला त्यामुळे जून-जुलैत कोमोडोला जाता येते. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या मालवणच्या पाण्याची पारदर्शकता इंडोनेशियाच्या तोडीची नाही, हे मान्यच करावे लागते. पण शिकण्यासाठी ती पुरते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना मिळणारी काही मिनिटांची डुबकी प्रशिक्षकाने हाताशी धरून घडवलेली असते आणि तिची चित्रफीत कितीही देखणी असली तरी तिच्यामुळे पात्रता येत नाही. १८ मीटरपर्यंत जोडीदारासह उतरण्याची मुभा देणारे 'ओपन वॉटर' हे प्राथमिक प्रमाणपत्र वेगळ्या प्रशिक्षणानंतर मिळते. कोमोडोचे प्रवाह जोरदार असल्याने तेवढ्यावरही न थांबता काही डुबक्यांचा सराव गाठीशी हवा. दमा, हृदयविकार किंवा कानाचा जुना आजार असल्यास वैद्यकीय सल्ला आधीच घ्यावा.

खरी दक्षता दाबाबाबत घ्यावी लागते. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वर येताना तो घटून फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते, म्हणून श्वास कधीही रोखायचा नसतो. शिवाय दाबाखाली रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो, अन्यथा त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत विकार उद्भवतात. अनेक दिवस डुबक्या घेतल्यावर विमानप्रवासापूर्वी किमान १८ तासांचे अंतर ठेवण्याची शिफारस याच कारणाने केली जाते. हवेच्या कमी दाबामुळे हा नियम उंच प्रदेशालाही लागू असल्याने मालवणहून आंबोली घाट चढून परतणाऱ्यानेही घाई करू नये. बालीत तर सकाळी डुबकी आणि दुसऱ्या पहाटे सुमारे १,७०० मीटर उंचीच्या बातूर ज्वालामुखीवर चढाई, असा कार्यक्रम कितीही सोयीचा वाटला तरी त्याचा क्रम उलटा लावावा.