बुरशीच्या जनुकांतून नव्या तणनाशकाचा शोध

पिकाच्या वाट्याचे पाणी, अन्न आणि सूर्यप्रकाश तण पळविते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. खुरपणीस वेळेवर मजूर मिळत नसल्याने महाराष्ट्रातील अनेक सोयाबीन उत्पादक तणनाशकांकडे वळले आहेत. परंतु एकच औषध वर्षानुवर्षे फवारले, की त्यातून तगलेल्या रोपांचे बी पुढील हंगामात उगवते आणि हळूहळू ते औषध निष्प्रभ ठरते. अशा वेळी वनस्पतीच्या निराळ्या वर्मावर घाव घालणारे औषध हवे असते. १९८० च्या दशकानंतर सुमारे तीस वर्षे मात्र सर्वस्वी नव्या रीतीने काम करणारे तणनाशक बाजारात आलेच नाही.

हजारो रसायने एकामागून एक रोपांवर फवारावयाची आणि कोणते रोप मरते ते पाहावयाचे, ही शोधाची जुनी पद्धत. रोप का मेले, हा प्रश्न नंतरचा. रेण्वीय जीवशास्त्रामुळे हा क्रम उलटा करणे शक्य झाले आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील यी टँग, स्टीव्हन जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले संशोधन हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले वनस्पती स्वतः तयार करतात. मनुष्य व जनावरे ती अन्नातून घेतात. ही आम्ले तयार होण्याची एक साखळी असून तिच्या प्रत्येक पायरीवर एकेक विकर काम करते. सोयाबीनमध्ये वापरले जाणारे इमेझेथापायर या साखळीतील पहिल्याच विकरास रोखते. त्या विकरावर जगभर इतका मारा झाला आहे, की त्यास न जुमानणारी तणे ठिकठिकाणी आढळतात. म्हणून या शास्त्रज्ञांनी त्याच साखळीतील पुढचे, डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिड डिहायड्रेटेज हे विकर लक्ष्य म्हणून निवडले.

त्यांचा तर्क साधा, पण मार्मिक होता. एखादी बुरशी या विकरास मारक द्रव्य तयार करीत असेल, तर तिला आधी स्वतःचा बचाव केला पाहिजे. कारण हे विकर तिलाही लागते. तेव्हा विष तयार करणाऱ्या जनुकांच्या शेजारीच त्या विषास दाद न देणाऱ्या विकराचे एक जादा जनुक असावयास हवे. बुरशींच्या जनुकसंचांत संगणकाच्या साहाय्याने नेमकी हीच खूण शोधण्यात आली. ‘अ‍ॅस्परजिलस टेरियस’ या मातीतील बुरशीत ती सापडली. कोलेस्टेरॉल कमी करणारे लोव्हास्टॅटिन हे औषधही याच बुरशीचे! शेजारची तीन जनुके यीस्टमध्ये घातली असता यीस्टने ते द्रव्य तयार करून दिले. ते निघाले अ‍ॅस्पटेरिक आम्ल. गंमत अशी की, हे द्रव्य १९७८ मध्येच वेगळे करण्यात आले होते. त्याचा घाव नेमका कोठे बसतो, हे मात्र चाळीस वर्षे उलगडले नव्हते.

टोमॅटो, मका आणि मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या रोपांची वाढ या आम्लाने रोखली. बुरशीचे बचावाचे जनुक घातलेली अरॅबिडॉप्सिसची रोपे मात्र तग धरून राहिली.

हे यश प्रयोगशाळेतील आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. मानवी शरीरात हे विकर नाही, ही जमेची बाजू खरी. परंतु तेवढ्यावरून द्रव्य निर्धोक ठरत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही. माणूस, जनावरे, मासे, मधमाश्या व जमीन यांवरील परिणाम तपासून नोंदणी झाल्याखेरीज कोणतेही तणनाशक आपल्या देशात विकता येत नाही. बचावाचे जनुक घातलेले पीक काढावयाचे झाल्यास त्याची जैवसुरक्षाविषयक परवानगी वेगळी घ्यावी लागते.