शहरात लॅपटॉप उघडायचा कुठं?

मैत्रिणींनो, गावात लाइट गेली की गटाचं ऑनलाइन काम अडतं. मग माल घेऊन पुण्याला गेलो की आम्ही कॅफेत बसतो. फर्ग्युसन रस्त्यावर संध्याकाळी कॉलेजच्या पोरांची गर्दी, म्हणून सकाळीच जायचं. आधी काउंटरवर विचारायचं: प्लग आहे का, दोन तास बसलं तर चालेल का? विचारायला लाज कसली! एका चहावर मात्र दिवस काढू नये, मधे काही मागवावं.

बँकेचं काम कॅफेच्या वायफायवर करत नाही. त्याच नावाचं खोटं वायफाय कुणीही लावू शकतं. त्यासाठी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट. पासवर्ड टाकताना पाठ भिंतीकडे. आणि हात धुवायला गेलो तरी लॅपटॉप सोबत, सगळ्या गटाचा हिशेब त्यात असतो.